लोखंडाचा चातुर्मास

लाडवांच्या डब्याच्या तळाशी चुरा साठतो ना, तसे नेम धरणाऱ्या बाईच्या घरात किस्से साठत जातात. कुणी मुद्दाम गोळा करत नाही. नेम आपला चाललेला असतो आणि बाजूला काही ना काही सांडत असतं.

मागे एका चातुर्मासात मी जेवताना मौन पाळायचा नेम केला होता. पानावरून उठेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. सुरुवातीलाच एकदा गॅसवर दूध उतू चाललं. मी डोळे मोठे करतेय, हात ओट्याकडे करतेय, आणि आमचे हे शांतपणे म्हणतात, "अगं, छान झालीये भाजी, एवढं काय विचारतेस?" सगळं दूध गेलं, पण नेम राहिला! तेव्हापासून घरादाराला ठाऊक आहे, मंदाचं दूध उतू जाईल, नेम मोडणार नाही.

गेल्या आषाढी एकादशीला मात्र मी जो नेम धरला, तसा आमच्या गुरुजींनीही कधी ऐकला नव्हता. मी वजन उचलायचा नेम धरला. हो, लोखंडाचं वजन. जिममध्ये जाऊन!

त्याला कारण अक्का.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. भिंगारला आमचं एकच घर आहे, वर त्या आणि खाली आम्ही. दीड वर्षापूर्वी भाऊजी गेले आणि अक्का हळूहळू मिटत गेल्या. फारशा रडल्या नाहीत. कामं सगळी करायच्या, पण बोलणं 'हो', 'नको' आणि 'राहू दे' एवढ्यावर आलं. रात्री झोप नाही, दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. ज्या बाईचं हसणं कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकू जायचं, ती घरात आहे की नाही हे बघायला मला जिना चढून जावं लागायचं.

त्याच सुमारास देवघराच्या उंबऱ्याशी मी जराशी घसरले आणि माझं मनगट मोडलं. मग आम्ही दोघी एकाच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दोघींनाही गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "गोळ्या बंद करायच्या नाहीत. पण त्याच्या जोडीला तुमच्या हाडांना आणि यांच्या मनाला एकच गोष्ट हवी आहे. वजन उचला. नीट शिकून, थोडं थोडं वाढवत."

बाहेर आल्यावर अक्का म्हणाल्या, "तू जा. माझं काय राहिलंय आता."

मी पुष्कळ विनवलं. शेवटी एकादशीला देवापुढे बसले, तळहातावर पाणी घेतलं आणि अक्कांना वर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "चातुर्मासभर अक्कांच्या सोबतीनं वजन उचलीन. एकटी गेले तर नेम मोडला!" आणि पाणी सोडलं.

अक्का अर्ध्या जिन्यात येऊन थांबल्या. "हा कसला नेम? मला विचारलंस का?"

"पाणी सोडलं, अक्का. आता काय करणार?"

स्वतःसाठी त्या उठल्या नसत्या. पण आपल्यामुळे दुसऱ्याचा नेम मोडावा, हे त्यांच्यानं होणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का चपला घालून दारात उभ्या होत्या. तोंड फिरवून का होईना, पण उभ्या होत्या!

*

आमची जिम भिंगारच्या बाजारात एका पिठाच्या गिरणीच्या वर आहे. दुपारी बायकांची बॅच असते, संध्याकाळी पोरांची. शिकवणारी कोमल राहुरीकडच्या खेड्यातली, कबड्डी खेळून तयार झालेली. नाव कोमल, आणि पाठीवर थाप मारली की आपला पुढचा श्वास तिच्या परवानगीनंच येतो.

पहिल्या दिवशी तिनं मला पाय थोडे फाकवून सरळ उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले आणि माझे पाय थरथरायला लागले. अगदी पोटऱ्यांपासून!

"कोमल," मी घाबरून म्हटलं, "अजून काही उचललंसुद्धा नाही गं, तरी पाय बघ कसे कापतायत."

कोमलनं खाली वाकून जमिनीवर तळहात ठेवला. "काकू, खाली कुनाची तरी ज्वारी पडलीया दळायला. तुमचं पाय न्हाई, जमीन हालतीया!"

*

आमच्या बॅचमध्ये एक कुलकर्णीबाई आहेत, शाळेतून निवृत्त झालेल्या. आणि एक रेश्माभाभी, त्या घरी शिवणकाम करतात आणि त्यांची शुगर सारखी वर असते. आम्हाला सगळ्यांनाच कोमल रोज एक गोष्ट शिकवायचा प्रयत्न करत होती. गुडघे थोडे सैल, पाठ सरळ, आणि वाकायचं ते कमरेतून, खुब्यातून. कोणाला जमेल तर शपथ! आम्ही वाकलो की पाठीची कमान व्हायची. भांडी घासायला बसलेल्या बाईसारख्या दिसायचो सगळ्या.

एके दिवशी जाता जाता कुलकर्णीबाईंचा पाय दांडीला लावायच्या लोखंडी चाकाला लागला. बाई चटकन वाकल्या, चाकाला हात लावला आणि तो कपाळाला लावला. आमच्याकडे वस्तूला पाय लागला की असंच करायचं असतं.

कोमल लांबून ओरडली, "बाई, थांबा तशाच! हलू नका! ह्योच! ह्योच व्यायाम शिकवतीया मी तुमाला इतके दिवस!"

बाई तशाच वाकलेल्या. घाईत त्यांची पाठ अगदी सरळ राहिली होती. आम्ही सगळ्यांनी भोवती उभं राहून बघून घेतलं.

तेव्हापासून कोमल 'डेडलिफ्ट करा' म्हणत नाही. ती म्हणते, "चला, पाय लागला असं समजा!"

*

अक्कांचं मात्र काही खरं दिसत नव्हतं. माझ्या नेमापुरतं यायच्या, दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या, आणि बॅच सुटली की उठायच्या. कोमलनं एकदा विचारलं, दोनदा विचारलं. अक्का म्हणायच्या, "राहू दे." मला वाटायला लागलं, देवापुढे पाणी सोडलं ते वायाच जाणार बहुतेक.

मग एकदा कोमलला खालून कोणीतरी हाक मारली. तिच्या हातात डंबेलची जोडी होती. तिनं जवळच बसलेल्या अक्कांना म्हटलं, "अक्का, जरा धरता का? आले मी." आणि गेली.

गेली ती गेलीच. गिरणीवालीशी काहीतरी बोलत बसली असावी. इकडे अक्का दोन्ही हातांत डंबेल घेऊन बसलेल्या. दुसऱ्याच्या पोटापाण्याचं साधन, ते पायाशी कसं ठेवायचं? मांडीवर पिशवी, तिच्यात देवीचा प्रसाद, त्यावर लोखंड कसं ठेवायचं? शेवटी अवघडून त्या उठून उभ्या राहिल्या. हात भरून आले की कोपरातून वर घ्यायच्या, दमल्या की खाली सोडायच्या. पुन्हा वर, पुन्हा खाली. मी आपली चोरून बघतेय.

कोमल आली आणि दारातच थबकली. "अगं बाई! अजून धरूनच उभ्या? द्या इकडं, झाला तुमचा आजचा व्यायाम!"

अक्कांचा चेहरा लाल झाला होता. कोमलनं विचारलं, "मागं कदी उचललंय का वो वजन?"

अक्का म्हणाल्या, "माहेर राजूरकडं माझं. गवताचे भारे डोक्यावर घेऊन डोंगर उतरायचो आम्ही."

इतकं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अक्का सकाळी उठल्याच नाहीत. मी धसकून वर गेले, तर कुशीवर वळून गाढ झोपलेल्या, तोंड जरासं उघडं. मी चहा झाकून ठेवला, दारावरची बेल काढून टाकायला सांगितली आणि आमच्या ह्यांना दम भरला, "आज या घरात कोणी शिंकायचंसुद्धा नाही!"

*

कुलकर्णीबाईंची दुसरी गोष्ट सांगायलाच हवी. बाईंना मोजायचा कंटाळा. आयुष्यभर मुलांचे पाढे ऐकल्यामुळे असेल. पाचाच्या पुढे गेल्या की चुकायच्या. कोमल म्हणाली, "मोजू नका, मनातल्या मनात काहीतरी म्हना. मी सांगते थांबायचं तवा."

बाईंनी देवीचं रोजचं स्तोत्र सुरू केलं. एका ओळीला हात वर, दुसऱ्या ओळीला खाली. छान लय लागली. कोमल म्हणाली, "बास, बाई." बाई थांबेनात. "बाई, झालं, बास!" बाईंनी डोळ्यांनीच दटावलं. चेहऱ्यावर घामाच्या धारा, दंड लटलट कापतायत, पण ओठ हलतच आहेत.

शेवटी कोमलनं त्यांच्या हातातलं वजन काढून घेतलं. बाईंनी उरलेलं स्तोत्र रिकाम्या हातांनी पूर्ण केलं, नमस्कार केला आणि मग बोलल्या, "अगं, स्तोत्र असं मध्येच सोडतात का?"

दुसऱ्या दिवशी त्यांना वेणी घालता येईना. केस तसेच गुंडाळून आल्या आणि म्हणाल्या, "देवीपर्यंत पोहोचलं की नाही ठाऊक नाही, पण माझ्या दंडांना अख्खं स्तोत्र पाठ झालंय."

कोमल त्यांच्या खांद्याला तेल चोळत अगदी काकुळतीनं म्हणाली, "बाई, तुमच्याकडं एखादं बारकं स्तोत्र न्हाई का वो?"

*

श्रावणी सोमवार होता. माझा कडक उपास. सकाळपासून एक कप चहा पोटात. नेम म्हणजे नेम, म्हणून जिमला गेले. दोन्ही हातांत वजन घेऊन खुर्चीवर बसायचं आणि उठायचं, एवढंच होतं. मी उठले आणि समोरची कोमल एकदम दोन-दोन दिसायला लागली.

"काकू, काय खाल्लंय?"

"उपास आहे."

"उपासाला काय काय चालतं?"

मी सांगितलं. भगर, शेंगदाणे, दही, दूध, राजगिरा, रताळी.

"मंग खा की! देवानं एवढं दिलंय ते काय नुसतं बघायला?" कोमल खरोखरच रागावली होती. "उपाशीपोटी वजन उचलायला लावलं म्हनून देव मला इचारंल, तुमाला न्हाई!"

तेवढ्यात बाजूनं एक हात पुढे आला. अक्कांचा. त्यांनी पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढला होता. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खा मुकाट्यानं. तू पडलीस तर तुला घरी कोण नेईल? वाट माहीत आहे मला, पण तुझं ओझं कोण उचलेल?"

रेश्माभाभी फिसकन हसल्या. मग बाई हसल्या. आणि मी लाडू खाता खाता रडायला लागले, तर कोमल म्हणते, "चक्कर उतरंना का काय काकूंची? अजून एक द्या!"

तेव्हापासून उपासाच्या दिवशी आमच्या घरी आधी शेंगदाण्याची आमटी आणि भगर होते, वाटीभर दही होतं, आणि मग मी लोखंडाला हात लावते. उपास मोडत नाही आणि मीही नाही.

*

भाद्रपदात गौरी आल्या. भाऊजी गेले त्या वर्षी सण केला नव्हता, त्यामुळे यंदा दोन वर्षांनी गौरीची पेटी काढायची होती. ती लोखंडी ट्रंक माळ्यावर असते. मुखवटे, साड्या, पितळेची समई, सगळं त्यातच. ती उतरवणं हे कायम भाऊजींचं काम. तेच स्टुलावर चढायचे आणि अक्का खालून सूचना द्यायच्या.

मी आमच्या ह्यांना सांगितलं. ह्यांचं जिमबद्दल मत तुम्हाला सांगायलाच हवं. रोज विचारायचे, "काय पहिलवान, आज कोणाला चीत केलंत?" ते म्हणाले, "मला कमरेचा त्रास. थांब, शेजारून कोणाला तरी आणतो." आणि गेले.

मी पदर खोचून माळ्याकडे बघत उभी. मागून अक्का आल्या. थोडा वेळ त्यांनीही वर बघितलं. मग म्हणाल्या, "स्टूल आण. मी वरून देते, तू खाली घे."

"अक्का, जड आहे हो."

"जड आहे ते माहीत आहे मला. इतकी वर्षं मीच खाली उभी होते."

त्या चढल्या. ट्रंक कडेला सरकवली, कोमल सांगते तशी पोटाशी धरली, आणि माझ्या हातांत दिली. मी पाठ सरळ ठेवून, गुडघ्यांत वाकून ती जमिनीवर टेकवली. एवढासुद्धा आवाज झाला नाही!

हे दोन धट्टेकट्टे गडी घेऊन आले, तोवर आम्ही मुखवटे पुसत बसलो होतो. हे माळ्याकडे बघतात, ट्रंककडे बघतात, आणि त्या दोघांकडे बघतात. "आता यांना काय सांगू?"

अक्का समई पुसता पुसता म्हणाल्या, "सांगा, पेटी रिकामी झाली की वर ठेवायची आहे. तोवर चहा घ्या म्हणावं."

त्यानंतर 'पहिलवान' हा शब्द आमच्या घरात आदरानं घेतला जातो.

*

खंडेनवमीला घरातल्या विळी-कोयत्यांची पूजा होते, मग ज्या लोखंडानं आपल्याला हात-पाय परत दिले त्याची का नको? आम्ही चौघींनी ठरवलं. दुपारी कोमलच्या आधीच जिममध्ये शिरलो. सगळी वजनं ओल्या फडक्यानं पुसली. घरच्या विळीला लावतो तसा तेलाचा हात फिरवला, आणि मग प्रत्येक दांडीला भरपूर हळद-कुंकू. झेंडूचे हार घातले. लोखंड असं सजलं होतं की दृष्ट काढावीशी वाटली! रेश्माभाभींनी घरून शिरखुर्मा करून आणला होता, तोच आम्ही प्रसाद म्हणून वाटला.

संध्याकाळी आमच्या मागे पोरांची बॅच येते, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. तेल लावलेली दांडी पोरांच्या हातांत काही टिकेना. कोमलला सगळ्यांकडून वजनं पुसून घ्यावी लागली. पण तेलातली हळद ती, अशी निघते का? बॅचमधला एक दांडगा पोरगा दोन्ही तळहात, मनगटं, आणि घाम पुसल्यामुळे गालसुद्धा पिवळेधमक करून घरी गेला.

दसऱ्यानंतर जिम उघडली तर त्याची आई कोमलला भेटायला आलेली. तिनं तावातावानं जे विचारलं ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "पोराला हळद लागली, आन् आईला कळवायची पद्धत न्हाई व्हय तुमच्यात? कुठली हाय पोरगी?"

त्या दिवशी अक्का मोठ्यानं हसल्या. खाली गिरणी चालू होती, तरी ऐकू आलं.

*

एक छोटासा किस्सा आमच्या गुरुजींचा. कोजागरीच्या आसपास आमच्याकडे सत्यनारायण होता. पूर्वी पूजा झाली की मला पाटावरून उठवायला दोघं लागायचे, एक हात धरायला आणि एक 'हळू, हळू' म्हणायला. यंदा कथा संपली, आरती झाली, आणि मी हात न टेकता उठले. माझं मलाच कळलं नाही, इतकी सहज!

गुरुजी मात्र बसलेलेच. आधी गुडघा धरला, मग पाटाची कड धरली. शेवटी म्हणाले, "वहिनी, जरा हात देता का?"

मी हात दिला आणि एका झटक्यात ते उभे! त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, दक्षिणा उपरण्यात बांधली, आणि दारापर्यंत जाऊन परत आले. आमच्या ह्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "काय हो, तिकडे वयस्कर पुरुषांची बॅच कितीला असते?"

*

कार्तिकी एकादशी झाली आणि माझा नेम पूर्ण झाला. द्वादशीला मी उद्यापन केलं. ज्यांच्या सोबतीनं नेम पार पडला, त्या अक्कांना पाटावर बसवलं आणि पहिलं पान त्यांना वाढलं.

जेवून हात धुताना अक्का म्हणाल्या, "झाला ना तुझा नेम? सुटलीस."

मी "हो" म्हटलं. पुढे विचारायचं धाडस झालं नाही. त्या आल्या होत्या त्या माझ्या नेमापायी. आता त्यांना ओढून नेणारं माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. पुन्हा ती भिंत आणि पुन्हा ते 'राहू दे' सुरू झालं तर?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम हाक मारली नाही. जिन्याकडे कान लावून मेथी निवडत बसले. निवडून झाली, तर निवडलेलीच पुन्हा निवडायला घेतली. वर काहीच हालचाल नाही. जिमची वेळ झाली. मी मेथी बाजूला ठेवली आणि देवघराकडे बघितलं.

तेवढ्यात वरून आवाज आला, "मंदे! अगं किती वेळ? ती कोमल ओरडेल ना!"

मी पायात चपला कशा सरकवल्या ते मला आठवत नाही.

आता जिममधली एक पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दसऱ्यानंतर ही पद्धत कशी पडली देव जाणे, पण जिला दांडीला पहिल्यांदा मोठी चाकं लागतील, तिनं उखाणा घ्यायचा आणि मगच उचलायचं. रेश्माभाभींनीही घेतला होता, "साडीला फॉल, ब्लाउजला अस्तर, सलीममियाँचं नाव घेते, कोमल आमची मास्तर!" माझा झाला, बाईंचा झाला. अक्कांची चाकं वाढायची पाळी आली, की आम्ही सगळ्या एकदम पाण्याच्या बाटल्या शोधायला लागायचो. कोमलही गुपचूप चाकं चढवून मोकळी व्हायची. हळदीकुंकवाला भाऊजी गेल्यापासून कोणी अक्कांना नाव घ्या म्हटलं नव्हतं, मग जिममध्ये कोण म्हणणार?

त्या दिवशी कोमलनं अक्कांच्या दांडीला चाकं चढवली. इतकी मोठी आमच्यापैकी कोणालाच लागली नव्हती. मी बाटली उघडली. बाईंनी चष्मा पुसायला घेतला. रेश्माभाभी चपलेचा पट्टा सारखा करायला लागल्या.

अक्का दांडीपाशी गेल्या, पण वाकल्या नाहीत. आमच्याकडे वळून उभ्या राहिल्या.

"काय गं, सगळ्यांना एकदमच तहान लागते का?"

मी उघडलेली बाटली तशीच बंद केली.

"कोमल, पद्धत काय आहे इथली?"

कोमलनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "नाव घ्यायचं... मग उचलायचं."

अक्कांनी पदर खोचला. पाय जागेवर ठेवले, दोन्ही हातांनी दांडी धरली, मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"लोखंडाच्या दांडीला चाकं लावली चार,
विश्वासरावांचं नाव घेते, उचलते माझा मी भार!"

दांडी जमिनीवरून सुटली. गुडघ्यांपर्यंत आली, गुडघ्यांच्या वर गेली आणि अक्का ताठ उभ्या राहिल्या. दंड कापत होते. पाठ सरळ होती. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते, आणि त्यांना घाईही दिसत नव्हती.

मग सावकाश, कोमलनं शिकवल्याप्रमाणे, त्यांनी दांडी खाली ठेवली. हात एकमेकांवर घासून झटकले आणि आम्हा सगळ्यांकडे बघितलं.

"बघत काय बसलात? या की. नाव घ्या आणि तुम्हीही उचला!"